सात पूर्ण दिवस

कंपनीच्या स्मरणिकेत आमच्या जुन्या चिटणिसांविषयी तीन ओळी छापल्या आहेत. बॉयलरच्या मिस्त्रीचे इशाऱ्याचे पत्र त्यांनी संचालक मंडळापुढे ठेवले नाही. त्यानंतर बॉयलर फुटून चौघे दगावले. मंडळाने त्यांना पदावरून दूर केले. दप्तराशी ताडून पाहिल्यास तिन्ही ओळी बिनचूक आहेत. खोट्या असत्या तर एक पोस्टकार्ड टाकून मी मोकळा झालो असतो. बिनचूक आहेत म्हणूनच या वयात, एका डोळ्यात मोतीबिंदू असताना, मला एवढा मजकूर लिहिणे भाग पडले आहे.

दुसऱ्या बाजूला, आमच्या गावच्या एका गुरुजींनी व्याख्यानात त्यांचा सिंह करून टाकला. त्या व्याख्यानात चिटणीस मेजावर मूठ आपटतात आणि धनिकांना खडे बोल सुनावतात. मी त्यांच्या डाव्या हाताला अकरा हंगाम बसलो आहे. त्यांनी एकदाही मूठ आपटली नाही. दौत उलटली असती. गुरुजींचा तेव्हा जन्म झाला नव्हता, हा काही त्यांचा अपराध नव्हे; परंतु जन्मापूर्वीच्या गोष्टींची साक्ष माणसाने देऊ नये.

काळ निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षांचा. सेलूला सरकी वेगळी करून रुईच्या गाठी दाबण्याची आमची कंपनी होती. संचालक पाच. पैकी तोंड उघडणारे तीन: अध्यक्ष, जे निवृत्त तहसीलदार होते, शेठजी, जे कारखाना प्रत्यक्ष चालवीत, आणि वकीलसाहेब. उरलेले दोघे पान खात आणि अनुमोदन देत. सभेचे इतिवृत्त, ज्याला आम्ही प्रोसिडिंग म्हणत असू, चिटणीस मराठीत लिहीत. त्याची उर्दू नक्कल सरकारी कचेरीत जाई. ती नक्कल करणारा नकलनवीस मी.

चिटणीस चारठाण्याचे. त्या गावच्या जुन्या पडक्या देवळांचे कोणी कौतुक करू लागले की म्हणत, "पडली तेव्हा कोणी लिहून ठेवले नाही. आता कशाने पडली ते देवालाही सांगता यायचे नाही." उंच, पाठीत किंचित वाकलेले, उजव्या हाताच्या दोन बोटांना कायमची निळी झाक. बाजारात लोक त्यांना 'कायमराव' म्हणत, कारण 'मागील सभेचे प्रोसिडिंग वाचून कायम करणे' हा त्यांच्या प्रत्येक विषयपत्रिकेतला पहिला विषय. हे नाव त्यांच्या कानावर होते. ते रागावत नसत, हसतही नसत.

सभेत त्यांचा एकच शब्द ऐकू येई: "घेऊ?" दोन संचालक हमरीतुमरीवर आले की ते टाक दौतीत बुडवून, मान वर न करता, विचारीत, "घेऊ?" म्हणजे, आपण आता जे बोललात ते लिहून घेऊ का? मोठमोठी माणसे त्या दोन अक्षरांनी गप्प झालेली मी पाहिली आहेत. एकदा शेठजींनी वकीलसाहेबांच्या अंगावर पानाचा डबा फेकला. चुना गालिचाभर उडाला.

"घेऊ?" चिटणिसांनी विचारले.

"अहो घेऊ काय घेऊ?" वकीलसाहेब कोटावरचा चुना झटकीत ओरडले. "माझा डोळा गेला असता!"

"डोळा आहे. चुना घ्यावयाचा असल्यास सूचक हवा."

अध्यक्षांना हसू आवरेना. "छोड दीजिए वकीलसाहेब, दरगुजर करा." त्या दिवशीच्या इतिवृत्तात एवढेच आहे: 'या विषयावर चर्चा झाली.' इतिवृत्तात विशेषण घालायचे नाही, हा त्यांचा दंडक होता. सभेत जे घडले ते लिहायचे. सभेबाहेर घडले ते, प्रत्यक्ष देवाने केलेले असले तरी, लिहायचे नाही. मजकूर संपला की पानावरच्या उरलेल्या कोऱ्या जागेवर पट्टीने तिरपी रेघ ओढायची, म्हणजे पाठीमागून कोणाला एक अक्षर घुसडता येऊ नये. ती रेघ ओढताना ते श्वास रोखून धरीत. मी एकदा त्याच वेळी शिंकलो, तर पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांची बायको वारली त्या दिवशीही ते सभेला आले, अशी एक कथा अजून सांगितली जाते आणि ऐकणारे 'काय माणूस म्हणायचा!' म्हणून मान हलवतात. ती कथा खोटी आहे. सभा तिसऱ्या दिवशी होती, आणि ते आत आले नाहीत. सुतक असल्यामुळे ओसरीवर घोंगडी टाकून, खिडकीकडे कान करून बसले आणि तिथूनच लिहिले. हजर असलेल्यांच्या यादीत स्वतःच्या नावापुढे त्यांनी लिहिले, 'आशौचामुळे बाहेर.' सभा संपल्यावर मी कागद घ्यायला गेलो. ते म्हणाले, "अंतरावरून घ्या." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता: "ती म्हणायची, माझे कधी काही लिहून घेतले नाहीत." एवढेच. हे ओसरीवरचे वाक्य ज्यांना ठाऊक नाही त्यांनी त्यांच्या काळजाची मोजमापे करू नयेत.

आता त्या नियमाकडे येतो. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांना नियम ठाऊक आहे, नियमाचे कारण ठाऊक नाही.

प्रत्येक विषयपत्रिकेच्या तळाशी एक ओळ असते: 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.' एका सभेला दोन संचालक लग्नाला गेलेले पाहून शेठजींनी या ओळीखालून एक ठराव काढला आणि कारखान्यामागची विहिरीची जागा आपल्या मेहुण्याच्या ताब्यात दिली. मजूर त्या विहिरीचे पाणी पीत. दुसऱ्या दिवसापासून विहिरीला काटेरी कुंपण पडले आणि बाया अर्ध्या कोसावरून घागरी आणू लागल्या. चिटणिसांनी तो ठराव लिहिला होता. आपल्याच हाताने, बिनचूक. ते त्यांना फार लागले. पुढे वर्षभर खपून, एकेका संचालकाच्या दारी जाऊन, त्यांनी कंपनीच्या पोटनियमांत दुरुस्ती करवून घेतली. विषयपत्रिका सभेपूर्वी सात पूर्ण दिवस आधी गेली पाहिजे. पाठवण्याचा आणि सभेचा दिवस त्यांत धरायचा नाही. ऐनवेळी केवळ अभिनंदन अथवा दुखवटा. आणि मागील सभेचे इतिवृत्त कायम झाल्याखेरीज दुसऱ्या विषयाला हात लावायचा नाही. त्यात काही बदल करायचा असेल तर सूचक आणि अनुमोदक यांच्या नावानिशी खाली लिहायचा. ते कुंपण त्यांना काढता आले नाही. पुन्हा तसले कुंपण पडू नये एवढी तजवीज त्यांनी केली. हा नियम त्यांनी गरिबांसाठी केला होता. हे मी जोर देऊन सांगतो, कारण पुढे जे झाले ते त्याच नियमाने झाले.

बॉयलर सांभाळणारा सखाराम मिस्त्री वालूरचा. ठेंगणा, कानाने जरा कमी ऐकणारा, बॉयलरच्या पोटाला तळहात लावून आत काय चालले आहे ते सांगणारा. ऐन हंगामात, सभेची विषयपत्रिका सोमवारी रवाना झाली आणि मंगळवारी सकाळी तो कचेरीत आला. हातात वेड्यावाकड्या बाळबोध अक्षरांचे पत्र. बॉयलरच्या जोडाशी चीर गेली आहे, वाफ सुटते, चार दिवस बंद ठेवून पत्रा बदलावा, नाहीतर माणसे मरतील, असा मजकूर.

चिटणिसांनी पत्र उभ्याने वाचले. मग पुन्हा वाचले. आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या पत्रांच्या वहीत, नोंद केली, शिक्का मारला.

"पत्रिका काल गेली, मिस्त्री. आता मधे सहाच दिवस उरतात. पुढच्या सभेला घेतो."

"पुढची सभा कवा?"

"महिन्याने."

सखारामाला वाटले आपल्याला नीट ऐकू आले नाही. त्याने कानामागे हात धरला. "कवा म्हनलाव?"

"एक महिना."

"आवो सायेब, ते महिना कुटं थांबायलंय? फुसफुस करायलंय ते. म्या रात-दिस त्याच्यापाशी हाय."

"बॉयलर थांबवण्याचा हुकूम मला देता येत नाही. मंडळाला देता येतो, किंवा शेठजींना. शेठजींना सांगा."

"त्येंच्याकडंच चाललोय आता."

अध्यक्षांना सांगून खास सभा बोलवावी, असे मी त्या दिवशी चिटणिसांना सुचवले. ते म्हणाले, "खास सभा अध्यक्षांनी मागायची असते. चिटणिसाने मत दिले की मग तो चिटणीस राहत नाही; सहावा संचालक होतो." यावर वाद घालायला हवा होता. मी घातला नाही.

त्याच दुपारी एका कागदावर सही घ्यायला मी शेठजींकडे कारखान्यात गेलो. ते बॉयलरघराच्या दाराशी उभे होते, आणि सखाराम त्यांच्यापुढे. जवळ कोळसा ओढणारे दोघे होते. जे बोलणे झाले ते मी चार हातांवरून ऐकले.

"शेठजी, हात लावून बघा की. हितं. लय वंगाळ लक्षन हाय."

"हात काय लावू? तू मिस्त्री की मी? बाहेर गाड्यांची रांग लागली आहे, दिसत न्हाई का तुला?"

"चार दिस बंद ठिवा. पाया पडतो."

"बोर्डाला लिहून दिलंस ना? मग बोर्ड ठरवील. तवर चालू ठेव."

सखाराम आत गेला. शेठजींनी माझ्या कागदावर सही केली आणि रुमालाने मान पुसली.

पुढच्या आठवड्यात सभा भरली. सखारामाचे पत्र चिटणिसांच्या फाईलमध्ये, माझ्यापासून वीतभर अंतरावर होते. ते त्यांना ठाऊक होते, मला होते, शेठजींना होते. विषय एकामागून एक संपले. शेवटी अध्यक्षांनी विचारले, "ऐनवेळचं काही?" वकीलसाहेबांचे चुलते वारले होते. दुखवट्याचा ठराव झाला. सगळे दोन मिनिटे उभे राहिले. त्या शांततेत बॉयलरघराकडून धापा टाकल्यासारखा आवाज येत होता. मी चिटणिसांकडे पाहिले. त्यांचा हात फाईलवर होता आणि बोटे कागदाच्या कडेवरून फिरत होती. मग सगळे बसले. त्यांनी ठराव लिहिला आणि तिरपी रेघ ओढली. ती रेघ, एवढ्या वर्षांत प्रथमच, मधोमध हलली होती. ते पान पुढे अनेकांनी चाळले. रेघेकडे कोणी पाहिले नाही.

त्यानंतर बाराव्या दिवशी, भर दुपारी, बॉयलर फुटला. सखाराम, कोळसा ओढणारे ते दोघे आणि पाणी द्यायला आलेली एक बाई. पत्र्याचे छप्पर मालधक्क्यापर्यंत उडाले होते. जे पाहिले ते वर्णन करून सांगण्याची मला हौस नाही. सखाराम त्याच्या हातातल्या कड्यावरून ओळखला गेला.

तिसऱ्या दिवसापासून गावात उठले की मिस्त्री पिऊन होता. कोणी उठवले ते मी नाव घेऊन सांगणार नाही, कारण त्यांची नातवंडे सज्जन आहेत. सखाराम माळकरी होता. परंतु मेलेल्या माणसाला आपली माळ दाखवता येत नाही. त्याची बायको गयाबाई बाजारात गेली की लोक तिच्या पाठीमागे बाटली तोंडाला लावल्याची खूण करीत.

खास सभा झाली. सात पूर्ण दिवसांची सूचना देऊनच. शेठजींनी ठराव मांडला की अपघात मिस्त्रीच्या हयगयीने झाला आणि त्याने कंपनीला कसलीही पूर्वसूचना दिली नव्हती.

चिटणीस उठले. सभेत ते कधी उठत नसत. "पूर्वसूचना आहे," ते म्हणाले आणि पत्र मेजावर ठेवले. "आवक मंगळवार. मी वाचली. नियमात बसेना म्हणून मागच्या सभेपुढे ठेवली नाही."

अध्यक्ष हलकेच म्हणाले, "चिटणीससाहेब, आप समझ रहे हैं? यात सगळ्यांत आधी तुमचाच गळा अडकतोय."

"जी. घेऊ?"

त्यांनी लिहिले. शेठजींचा ठराव अनुमोदकाअभावी पडला, कारण पान खाणारे दोघेही त्या दिवशी पान खात नव्हते.

तेव्हापासून गाडे अडले. पुढच्या सभेत पहिला विषय अर्थातच ते इतिवृत्त कायम करणे. शेठजी म्हणाले, पत्राची गोष्ट काढून टाका. चिटणीस म्हणाले, अवश्य, सूचक कोण? काढून टाकले, असे खाली लिहावे लागेल, आणि काढायला सांगणाऱ्याचे नावही. दरम्यान पोलीस अमिनाने तपासासाठी पुस्तक मागितले होते. त्या नोंदीखाली आपले नाव पडावे असे कोणाला वाटणार? शेठजींनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. सभा तहकूब. पुढचीही तहकूब. त्यापुढचीही. पहिला विषय संपेना म्हणून दुसऱ्याला हात लागेना, आणि कारखाना थंड पडून राहिला.

शेवटी शेठजींनी हुकूम दिला की पुढच्या पत्रिकेत चिटणिसांना काढून टाकण्याचा विषय घ्या. त्यांनी तो घेतला. 'विषय दुसरा: विद्यमान चिटणीस यांना पदावरून दूर करणे.' आपल्या सुवाच्य अक्षरात पाच प्रती काढल्या, आणि त्या नेमक्या वेळेत पोहोचल्याची पोच घेतली. एक प्रत उशिरा गेली असती तर त्यांची नोकरी महिनाभर वाचली असती. शेठजींची प्रत त्यांनी स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिली.

त्या सभेच्या आदल्या दिवशी मी त्यांना बॉयलरघराच्या दारातले बोलणे सांगितले. इतके दिवस का सांगितले नव्हते, हे मला विचारू नका. त्यांनीही विचारले नाही.

"हे लिहा," मी म्हणालो. "शेठजींना माहीत होते. सखारामाने त्यांच्या तोंडावर सांगितले होते."

"सभेत झाले?"

"नाही. पण मी ऐकले आहे."

"मग ते माझ्या पुस्तकात येत नाही. तुम्ही अमिनापुढे कैफियत द्या. तुम्हाला तोंड आहे."

"आणि तुमचे काय? सगळे तुमच्यावर येईल."

"माझे येते तेवढे येऊ द्या. मी वाचले होते, हे खरेच आहे. जे माझे नाही ते तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी सभेत चिटणिसांनी इतिवृत्त मोठ्याने वाचले. शेठजी नेहमीप्रमाणे तोंड उघडणार तोच वकीलसाहेबांनी हात वर केला. "पुन्हा वाचा." त्यांनी पुन्हा वाचले. वकीलसाहेबांनी डोळे मिटून ऐकले, मग शेठजींच्या कानाशी लागून पुटपुटले. मला ऐकू आले ते इतकेच: "अहो, यात तुमचं नाव कुठंय? सही करा." शेठजींचा चेहरा हळूहळू सैल झाला. अध्यक्षांनी सही केली. इतिवृत्त कायम झाले. दुसरा विषय एका मिनिटात संपला. चिटणिसांनी स्वतःला काढल्याचा ठराव लिहिला, सूचक आणि अनुमोदक यांची नावे विचारून घातली, आणि पट्टी मागितली. या वेळची रेघ सरळ आली. त्यांच्या जागी नकलनवीस यांना नेमावे, असा विषय शेठजींनी पुढच्या पत्रिकेसाठी दिला. तोवर कपाटाची किल्ली माझ्याकडे.

पुढचे थोडक्यात. अमीन मराठी वाचत नसे. पुस्तकाची उर्दू नक्कल त्याच्यापुढे मीच वाचली. त्याने विचारले, "बस? और कुछ कहना है?" मी म्हणालो, "जी नहीं." मिस्त्रीने इशारा दिला होता हे सिद्ध झाले. तो इशारा मंडळापर्यंत पोहोचू न देणारा माणूस कोण, हेही त्याच पानावरून सिद्ध झाले. चिटणिसांना कैद झाली. सुटले तेव्हा राज्य बदलले होते. त्यानंतर ते चारठाण्याला राहिले. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा त्यांनी मला चहा दिला आणि एकदाही त्या दिवसाविषयी बोलले नाहीत. दाढी न करता बसलेले असत, आणि अंगणातल्या कुठल्याशा झाडाकडे पाहत. तिसऱ्यांदा जाण्याची माझ्यात हिंमत नव्हती. पुढे ते गेल्याचे कळले.

मी त्या जागेवर पंचवीस वर्षे होतो. स्मरणिकेत माझे छायाचित्र आहे, पुष्पहार घातलेले, आणि खाली 'कंपनीच्या पडत्या काळात धीराने दप्तर सांभाळणारे' असे लिहिले आहे. स्मरणिकेशी माझे भांडण त्यांच्यावरच्या तीन ओळींमुळे आहे असे वाचकांना वाटले असेल. ते या एका ओळीमुळेही आहे.

एक प्रसंग राहिला. तो गुरुजींना ठाऊक नाही, स्मरणिकेला नाही. ठाऊक असणाऱ्या तिघांपैकी दोघे गेले.

ती सभा संपल्यावर चिटणीस किल्ली माझ्या हातात देऊन पायऱ्या उतरत होते. खाली गयाबाई उभी होती. नवऱ्याबद्दल पुस्तकात काही लिहिले आहे, असे तिने कोणाकडून तरी ऐकले होते.

"मला वाचून दावा," ती म्हणाली. "लोक म्हनायलेत, पिऊन व्हता म्हनून."

चिटणिसांनी माझ्याकडे पाहिले. "मला आता त्या पुस्तकाला हात लावता येत नाही. तुम्ही वाचा."

मी कपाट उघडले, पुस्तक पायरीवर आणले आणि वाचले. बॉयलर मिस्त्री सखाराम यांनी अमुक तारखेस पत्र देऊन धोका कळवला होता. ती उभ्यानेच ऐकत होती. 'सखाराम यांनी' हे शब्द आले तेव्हा तिने पदर तोंडाशी नेला. तिच्या नवऱ्याला 'यांनी' असे कोणी कधी म्हटले नसावे.

"म्हंजी त्येनं सांगितलं व्हतं."

"सांगितले होते," चिटणीस म्हणाले.

"मंग तुमी त्ये कागद त्याच दिशी का न्हाई वाचलाव?"

"वाचला होता, बाई."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. ते टोपी काढून, मान खाली घालून, उन्हात उभे राहिले. मग ती माझ्याकडे वळली.

"आन शेठजी? आमचे मालक घरी म्हनले व्हते, शेठजींला समक्ष सांगून आलोय म्हनून. त्ये लिव्हलंय का त्येच्यात?"

चिटणिसांनी मान वर केली. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिले आणि वाट पाहिली.

मी पुस्तक मिटले. "त्यात तसे काही लिहिलेले नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली, पदर खोचला आणि वालूरच्या रस्त्याला लागली.

शेठजींना सांगितले होते. मंगळवारी दुपारी, बॉयलरघराच्या दारात. मी चार हातांवर उभा होतो आणि मी प्रत्येक शब्द ऐकला.